वृत्तवाहिनीच्या ग्राफिक्स विभागात जायचे आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : माझे वय २४, बी. कॉम. झाले आहे. इचलकरंजीत फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि हँडबिले करणाऱ्या दुकानात चार वर्षे डिझायनर म्हणून काम करते. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपवर हात बसलेला आहे, दिवसभर मराठी मजकूर बसवत असते. वृत्तवाहिन्यांवर बातमीच्या वेळी येणारे हलते ग्राफिक्स करायची माझी इच्छा आहे. एका खासगी संस्थेने चौदा महिन्यांचा मोशन ग्राफिक्सचा डिप्लोमा सुचवला आहे. फी १ लाख ८० हजार रुपये असून नोकरीची शंभर टक्के हमी आहे, असे ते सांगतात. बाबा त्यासाठी मुदत ठेव मोडायला तयार आहेत. आईला रात्रपाळीची काळजी वाटते. आता टीव्ही कोण बघतो, ही कामे एआयच करणार, असेही जो तो म्हणतो. मी काय करावे?

उत्तर : मुदत ठेव सध्या मोडू नये, असे मी तुमच्या बाबांना आधी सांगेन. डिप्लोमा निरुपयोगी असतो, असे माझे म्हणणे नाही. चांगला शिक्षक भेटला, तर एकट्याने चाचपडण्यात जाणारी बरीच वर्षे वाचतात. पण आपल्याला नेमके काय येत नाही हे कळण्याआधी भरलेली फी बहुधा जे येते तेच पुन्हा शिकण्यात खर्च होते. तुम्हाला फोटोशॉप येते, रंग आणि मांडणी कळते, आणि पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट तर या क्षेत्रात येणाऱ्या फार थोड्यांकडे असते : मराठी मजकूर रोज बसवण्याचा चार वर्षांचा सराव. पुढचे सगळे शिक्षण त्या सरावावर उभे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे का म्हणतो, ते कळण्यासाठी कामाचे स्वरूप पाहू. बाहेरून पाहणाऱ्याला वाहिनीचे ग्राफिक्स म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीचा झगमगता मोंटाज, प्रोमो आणि फिरणारा लोगो एवढेच वाटते. ते काम असतेच, आणि ते हलत्या ग्राफिक्ससाठीचे आफ्टर इफेक्ट्स, त्रिमितीसाठीचे सिनेमा फोरडी यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सावकाश तयार करून, रेंडर करून, म्हणजे त्याची पूर्ण व्हिडिओ फाइल बनवून, दिले जाते. मात्र वृत्तवाहिनीवर दिवसभर जे दिसते त्यातले बहुतेक वेगळ्या रीतीने घडते. बोलणाऱ्याच्या नावाची खालची पट्टी, जिला कोणी लोअर थर्ड म्हणतात तर कोणी ॲस्टन, ब्रेकिंगची प्लेट, टिकर म्हणजे तळाशी सरकत जाणारी बातम्यांची ओळ, आकड्यांची पडदाभर फुल फ्रेम, ही सगळी आधी करून ठेवलेली टेम्प्लेट असतात. व्हिझआरटी किंवा भारतात तयार झालेली वास्पथ्रीडी यांसारख्या यंत्रणांमध्ये ती बसवलेली असतात. पीसीआरमधला, म्हणजे प्रक्षेपण जिथून चालवतात त्या नियंत्रण कक्षातला, ऑपरेटर त्यात मजकूर भरतो, आणि बटण दाबताच ते ग्राफिक त्याच क्षणी तयार होऊन थेट प्रक्षेपणावर जाते.

याचा अर्थ असा की डिझायनरने केलेली पट्टी प्रत्यक्ष वापरली जाते तेव्हा डिझायनर तिथे नसतो. पहाटे तीन वाजता कुठे इमारत कोसळली, तर कोणाचे नाव लिहिले जाणार, ते किती लांब असणार, पट्टी पडद्यावर चार सेकंद राहणार की चाळीस, यातले काहीही त्याला आधी ठाऊक नसते. तरीही ती पट्टी नीट दिसली पाहिजे. दूरचित्रवाणीच्या डिझाइनचे मर्म माझ्या मते इथे आहे. एक देखणी चौकट रंगवण्यापेक्षा, न पाहिलेल्या मजकुराला सांभाळून घेईल अशी व्यवस्था आखणे हे जास्त अवघड आणि जास्त मोलाचे काम आहे. दुकानात तुम्ही ग्राहकाचा मजकूर हातात आल्यावर मांडणी करता. इथे मांडणी आधी आणि मजकूर नंतर. एवढा बदल पचवला की बाकीचे शिकता येते.

एक पट्टी घेऊन पाहू. बाजारात तयार मिळणाऱ्या इंग्रजी टेम्प्लेटची उंची इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या मापाने ठरवलेली असते. तिच्यात ‘मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत कुर्ल्यात बैठक’ ही ओळ लिहा. वर अनुस्वार, वेलांट्या आणि रफार पट्टीच्या कडेला टेकतील, खाली ‘मु’ आणि ‘कु’ यांचे उकार कापले जातील, आणि ‘त्र्यां’ हे जोडाक्षर लहान मापात मिटून जाईल. मग घाईत असलेला ऑपरेटर फाँट आणखी लहान करतो आणि घरच्या टीव्हीसमोर बसलेल्या वयस्कर माणसाला ती ओळ वाचताच येत नाही. मराठी पट्टीची उंची शिरोरेषेवरचा आणि अक्षराखालचा भाग धरूनच ठरवावी लागते, आणि दोन ओळींची पट्टी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडणार नाहीत एवढे अंतर ठेवावे लागते. तुमच्या डोळ्याला हे लगेच कळेल, कारण लग्नपत्रिकेत तुम्ही हेच सांभाळत आला आहात.

सॉफ्टवेअरच्या बाजूने मात्र काही नव्या गोष्टी आहेत. छपाईच्या दुकानांत अजूनही जुने, युनिकोडपूर्व फाँट सर्रास चालतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेतांक देणारी पद्धत. त्यांत टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो, आणि फाँट बदलला की त्याचा अर्थहीन गोंधळ होतो, हा अनुभव तुम्हाला असेलच. बातमीच्या संगणक यंत्रणेतून टेम्प्लेटमध्ये आपोआप येणारा युनिकोड मजकूर अशा फाँटमध्ये दिसणार नाही. म्हणून आजपासून सरावाचे काम युनिकोडमध्येच करा. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले मुक्त आणि बालू हे फाँट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. नोटो सान्स देवनागरीही तसाच आहे. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात का, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ आणि ‘ॲप’मधला ‘ॲ’ नीट उमटतो का, हे आधी तपासा.

आफ्टर इफेक्ट्समध्ये पहिल्यांदा मराठी टाइप केल्यावर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून वेगळी दिसतात, तेव्हा अनेक जण घाबरून मजकूर फोटोशॉपमधून चित्र म्हणून आणतात. त्याची गरज नाही. प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ असे निवडले की अक्षरे जुळून येतात. यानंतर दोन मोह टाळावेत. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये एकेक अक्षर उडत येऊन शब्द बनतो, पण मराठीत तसे केले तर मात्रा आणि वेलांटी आपल्या अक्षरापासून सुटण्याचा धोका असतो, म्हणून हालचाल शब्दाची किंवा पूर्ण ओळीची करावी. दुसरे म्हणजे अक्षरांमधले अंतर वाढवत नेण्याचा परिणाम. इंग्रजीत तो भारदस्त दिसतो. आपल्याकडे त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द वाचायला जड होतो.

आता हालचालीकडे येऊ, कारण तुमच्यासाठी खरे नवे तेच आहे. भारतात दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला २५ फ्रेमनी चालते. नावाची पट्टी आत यायला साधारण १० ते १२ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, पुरेशा होतात. आधी रंगाची पट्टी सरकते, तीन-चार फ्रेमनंतर नाव येते आणि त्याच्या मागोमाग हुद्दा. बाहेर जाताना याहून कमी वेळ द्यावा, कारण जाणाऱ्या वस्तूकडे कोणी पाहत राहू नये. पट्टी थांबते कशी, यावर तिचा दर्जा ठरतो. एकाच वेगाने येऊन खटकन थांबलेली पट्टी हौशी वाटते, तर वेगाने येऊन शेवटच्या काही फ्रेममध्ये मंदावत थांबलेली पट्टी सराईत हाताची वाटते. यासाठी आफ्टर इफेक्ट्सच्या ग्राफ एडिटरमधल्या, वेगाचा चढउतार दाखवणाऱ्या वक्ररेषा समजून घ्याव्या लागतात. गती आपोआप मंदावणारे तयार ‘ईझी ईझ’ नुसते लावून भागत नाही. एकच पट्टी घ्या, तिच्या पाच वेगवेगळ्या गती करून पाहा, आणि आवाज बंद ठेवून घरच्यांना विचारा की कोणती वाचायला सोपी गेली. पट्टी किती वेळ ठेवायची याचा जुना आणि चांगला नियम असा की तिच्यावरचा मजकूर सावकाश दोनदा वाचून व्हावा.

सॉफ्टवेअरच्या आधी ही समज येते, याचे आपल्या देशातले उत्तम उदाहरण दूरदर्शनचे बोधचिन्ह आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी ते रेखाटले. त्याच संस्थेतल्या आर. एल. मिस्त्री यांनी रेखाटनाच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवत त्याला गती दिली. पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासह त्याची धून केली आणि १ एप्रिल १९७६ रोजी ते प्रथम दिसले. आफ्टर इफेक्ट्स बाजारात आले ते १९९३ साली. दोन वक्र आकार फिरत फिरत येतात आणि मधल्या गोलाभोवती स्थिरावतात, एवढीच ती कल्पना, पण कुठला आकार आधी, कुठला नंतर आणि थांबायचे कुठे, हे त्यात पक्के ठरलेले आहे. ते शोधून फ्रेमगणिक पाहा आणि कागदावर आठ-दहा चौकटींत उतरवा. कोणतेही ट्युटोरियल पाहण्याआधी हा अभ्यास करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

छपाईतून येणाऱ्या माणसाला तांत्रिक बाजूच्या थोड्या सवयी बदलाव्या लागतात. छपाईच्या शाईंचे सीएमवायके रंग आणि ३०० डीपीआय विसरा. इथे पडद्याचे आरजीबी रंग आणि १९२० गुणिले १०८० पिक्सेल. छपाईत कापणीसाठी कडेबाहेर जादा भाग सोडतात, तर टीव्हीत उलट मजकूर कडेपासून आत घ्यावा लागतो, कारण काही संच चित्राच्या कडा कापून दाखवतात. मजकुरासाठी प्रत्येक बाजूने निदान ५ टक्के जागा मोकळी ठेवण्याचा आजचा संकेत आहे. एचडी प्रक्षेपण बहुतांशी इंटरलेस्ड असते, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने दाखवल्या जातात. त्यामुळे एका पिक्सेलची आडवी रेघ संगणकावर सुबक दिसली तरी टीव्हीवर थरथरते. ती दोन पिक्सेल किंवा अधिक जाड ठेवा. भडक लाल रंगाच्या कडा टीव्हीवर पसरट दिसतात, आणि आपल्या वृत्तवाहिन्यांना लाल रंग फार प्रिय आहे, म्हणून लाल पट्टीवर बारीक पांढरे अक्षर देऊ नका. आणि पट्टी व्हिडिओवर बसवायची असल्याने ती अल्फासह, म्हणजे पारदर्शकतेच्या माहितीसह, द्यावी लागते. नेहमीच्या एच.२६४ एमपीफोर फाइलमध्ये पारदर्शकता राहत नाही, मागे काळा चौकोन येतो. प्रोरेझ ४४४४ या प्रकारची व्हिडिओ फाइल किंवा पीएनजी फ्रेमची मालिका द्यावी.

यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि बातम्यांची ॲप यांसाठी याच बातमीचे उभे रूप लागते, १०८० गुणिले १९२० चे. आडवे ग्राफिक कापून उभे करणे म्हणजे काम टाळणे आहे. उभ्या चौकटीत खालचा भाग ॲपच्या बटणांखाली आणि मजकुराखाली झाकला जातो, म्हणून नावाची पट्टी वर सरकवावी लागते. शिवाय बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे जे टीव्हीवर निवेदक सांगतो ते इथे अक्षरांनी सांगावे लागते. प्रत्येक सरावाचे आडवे आणि उभे असे दोन्ही अवतार स्वतंत्र मांडणीने करण्याची सवय लावून घ्या.

खर्चाचे म्हणाल तर सुरुवातीला जवळपास काहीच लागत नाही. त्रिमितीसाठी ब्लेंडर मोफत आहे. डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन हे मोशन ग्राफिक्सचे साधन असते. थेट प्रक्षेपणाचे ग्राफिक्स कसे चालतात हे समजून घ्यायला कॅस्परसीजी ही खुली प्रणाली उत्तम आहे. स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ती स्वतःच्या प्रक्षेपणासाठी विकसित केली. आफ्टर इफेक्ट्स मात्र शिकावेच लागेल, कारण बहुतेक ठिकाणी तेच मागतात; त्याचे शुल्क महिन्याने भरता येते. संगणकात आधी रॅम वाढवा, जमल्यास ३२ जीबीपर्यंत, आणि एसएसडी घाला. ग्राफिक्स कार्डाचा मोठा खर्च त्रिमितीचे काम नियमित सुरू झाल्यावर करावा. दुकान बंद झाल्यावर तिथला संगणक तासभर वापरू द्यायला मालक तयार असतील, तर तेही विचारून पाहा.

दाखवण्यासाठी काम कोणते करावे, याबद्दल माझा सल्ला निःसंदिग्ध आहे : विधानसभेच्या मतमोजणीचा संच करा. वाहिनीच्या ग्राफिक्स विभागाची खरी कसोटी त्या दिवशी लागते. २८८ जागा आणि बहुमताला १४५ हे आकडे पडद्यावर कायम दिसले पाहिजेत, पक्षांच्या आघाडीचे आकडे मिनिटामिनिटाला बदलतात, मतदारसंघनिहाय निकाल सरकत असतो आणि मधेच उमेदवाराचे छायाचित्र येते. नावांची पट्टी करताना ‘जत’ आणि ‘पुणे कॅन्टोन्मेंट’ हे दोन्ही मतदारसंघ त्याच मापात बसवून दाखवा. दोन अक्षरांचे नाव रिकाम्या पट्टीत हरवू नये आणि लांब नाव आखडू नये, हे साधले की काम पाहणाऱ्याला तुमची समज लगेच कळेल. आकड्यांतही एक मेख आहे. देवनागरी ‘१’ अरुंद आणि ‘८’ रुंद असेल, तर १११ चे ११८ होताना सगळी ओळ हलते. प्रत्येक अंकाला सारखी रुंदी मिळेल असा फाँट घ्या किंवा आकडे उजव्या कडेला बांधून ठेवा. याच्या जोडीला नावाची पट्टी, ब्रेकिंगची प्लेट, टिकर आणि दहा सेकंदांचा एक मोंटाज, आणि हे सगळे एकाच रंगसंगतीत, एकाच वाहिनीचे वाटेल असे करा. वेगवेगळ्या ट्युटोरियलवरून उतरवलेल्या वीस क्लिपांपेक्षा असा एक संच कितीतरी जास्त बोलतो.

हा संच अर्धामुर्धा झाला की त्या संस्थेत जा आणि शिकवणाऱ्याला विचारा की यात काय चुकले आहे. त्याने पट्टीची गती, अक्षरांचे माप किंवा रंग यांबद्दल नेमके काही सांगितले, तर तिथे शिकण्यासारखे आहे. त्याने नुसते ‘छान आहे, आमच्याकडे आणखी इफेक्ट शिकाल’ असे म्हटले, तर परत या. शिकवणाऱ्याचे प्रक्षेपित झालेले काम, आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेला मराठी मजकुराचा नमुना आणि व्हिझआरटीसारखी एखादी रिअल टाइम यंत्रणा शिकायला मिळते का, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नोकरी देणारी वाहिनी वेगळी असते, तेव्हा शंभर टक्के हमी संस्थेला देता येत नाही; हमीची अट लेखी मागा म्हणजे तिच्यातली पळवाट दिसेल. फी भरायची वेळ आलीच तर ती हप्त्यांनी भरा.

एआयबद्दलची भीती निराधार नाही. पार्श्वभूमी तयार करणे, छायाचित्रातली व्यक्ती वेगळी काढणे, कल्पनेची पहिली चित्रे काढणे ही कामे त्याने झपाट्याने होतात आणि तुम्हीही ती तशीच करावीत. परंतु मराठी जोडाक्षरे अशी साधने अजूनही अनेकदा चुकवतात, आणि बातमीत मृतांचा आकडा किंवा माणसाचे नाव चुकले तर ती बातमीच चुकते. त्याची जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते. टीव्हीचे म्हणाल, तर वाहिन्या आज तेच प्रक्षेपण यूट्यूबवरही दाखवतात. प्रेक्षक फोनवर गेला तरी पट्टी, टिकर आणि आकडे त्याच्याबरोबर तिथे जातात.

रात्रपाळी मात्र असते, हे आईंना खरेखुरे सांगा. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीत ती टळत नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीनेच काम देता येते, आणि सुरक्षिततेची व ने-आण करण्याची व्यवस्था मालकाने करावी लागते. मुलाखतीत गाडीबद्दल विचारताना संकोच करू नका. व्यवस्थित ठिकाणी हा प्रश्न कोणी वावगा मानत नाही. एकदम मुंबई गाठण्यापेक्षा कोल्हापूर, सांगली, पुण्यातल्या वृत्तपत्रांचे डिजिटल विभाग आणि स्थानिक केबल वाहिन्या आधी पाहाव्यात. तिथे घाई तेवढीच असते, पण एकच व्यक्ती पट्टी, प्रोमो आणि उभा व्हिडिओ असे सगळे करते, त्यामुळे वर्षभरात हात चौफेर तयार होतो.

मुलाखतीच्या वेळी बहुतेक ठिकाणी एखादी बातमी देऊन तासाभरात तिचे ग्राफिक करायला सांगतात. घरी याचा सराव घड्याळ लावून करा, बातमी त्याच दिवशीच्या वृत्तपत्रातली घ्या. आणि चाचणीत दिलेला मजकूर टाइप करण्याआधी पूर्ण वाचा. त्यात नाव, आकडा किंवा शुद्धलेखन यांची शंका आली तर काम सुरू करण्यापूर्वीच समोरच्याला विचारून घ्या.